गाण्याचा मॉनिटर : घरच्या रेकॉर्डिंगसाठी स्पीकर घेण्याआधी



मागच्या महिन्यात मौदा तालुक्यातल्या एका गटाच्या मिटिंगला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते झाले, मग कर्ज मागणीचा विषय आला. सचिव ताईंनी अर्ज वाचला. रक्कम ४०,००० रुपये. कारण : स्टुडिओ मॉनिटर.

सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक काकू म्हणाल्या, "मॉनिटर म्हणजे कॉम्प्युटरचा टीव्ही ना वो?" दुसऱ्या म्हणाल्या, "आमच्या वर्गात मॉनिटर राहे, गुरुजी बाहेर गेले की नावं लिहून ठेवे." मग जे हसणं सुरू झालं ते पाच मिनिटं थांबलं नाही. अर्ज करणाऱ्या ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांची मुलगी कॉलेजला आहे. गटाच्या भजनी मंडळाची भजनं तीच रेकॉर्ड करते. मागच्या वर्षी तिने मोबाइलवर टाकलेलं भजन आपण सगळ्यांनीच एकमेकींना पाठवलं होतं.

कोषाध्यक्ष ताईंनी सरळ विचारलं, "शेळीसाठी पंधरा हजार द्यायचे तर आपण तीन मिटिंगा बोलतो. आता गाण्यासाठी चाळीस हजार? बिना विचाराचे?" प्रश्न बरोबर होता. मलाही उत्तर माहीत नव्हतं. एमएसडब्ल्यूमध्ये आम्हाला गटाचा ताळेबंद शिकवतात, स्पीकर शिकवत नाहीत. मी पंधरा दिवस मागून घेतले. कॉलेजमधला एक मित्र आवाजाचं काम करतो, त्याला विचारलं. सीताबर्डीतली दुकानं फिरले, स्पीकर लावून ऐकले. जे समजलं ते इथे लिहिते, कारण गाणारी, रॅप करणारी, यूट्यूबवर टाकणारी मुलं आता प्रत्येक गावात आहेत आणि हा अर्ज उद्या तुमच्याही गटात येणार आहे.

वाकडा तराजू

वर्गातल्या मॉनिटरचं काकूंनी हसत सांगितलं, पण ते अगदी बरोबर लागू पडतं. वर्गात जे घडलं ते गुरुजींना जसंच्या तसं सांगणं हे त्या पोराचं काम. स्टुडिओ मॉनिटर हा स्पीकरही तेच करतो. गाणं गोड करणं हे त्याचं काम नाही. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते तो दाखवतो. कुठे सूर हलला, कुठे खंजिरीने शब्द झाकला, मागे कुठे कुकरची शिटी आली, सगळं.

आपल्या घरातले स्पीकर असे नसतात. होम थिएटर मुद्दाम खालचा आवाज, म्हणजे ढोलकीची धुम, वाढवून ऐकवतं, कारण ऐकणाऱ्याला ते आवडतं. कॉम्प्युटरसोबत मिळणारे छोटे डबे ती धुम ऐकवतच नाहीत. मोबाइल तर त्याहून कमी. गाणं ऐकायला यातलं काहीही चालतं. गाणं बनवताना मात्र घोटाळा होतो.

माझ्या घरचीच गोष्ट सांगते. माझा भाऊ भीमगीतं करतो. आम्ही नागपूरचे, १४ एप्रिलला आमच्या वस्तीत गाण्याशिवाय दिवस उजाडत नाही. त्याने एका वर्षी स्वतःचं गाणं घरी बनवलं, कॉम्प्युटरच्या छोट्या डब्यांवर ऐकत ऐकत. ढोलकी कमी वाटते म्हणून वाढवली. तरी कमी वाटली, अजून वाढवली. जयंतीच्या दिवशी पेंडॉलमधल्या मोठ्या बॉक्सवर गाणं लागलं तर नुसतं ढम ढम ढम! शब्द एक कळेना. बाबासाहेबांवरचं गाणं आणि त्यातलं त्यांचं नावच ऐकू येत नव्हतं. तो मंडपाच्या मागे जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या वर्षी तो शहाणा झाला आणि मोठ्या वूफरचं होम थिएटर घेऊन आला, उधारीवर. आता ढोलकी जास्त वाटायला लागली म्हणून त्याने ती कमी केली. ते गाणं मोबाइलवर ऐकलं तर रिकामा पत्र्याचा डबा वाजतोय असं वाटे. दोन वर्षं, दोन उलट्या चुका, आणि दोन्ही वेळी कान त्याचे चांगलेच होते. चूक तराजूची होती. तुमचा काटा शंभर ग्रॅम कमी दाखवत असेल तर तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला शंभर ग्रॅम जास्त पापड देता. जास्त दाखवत असेल तर कमी देता. तुम्ही प्रामाणिकच असता.

म्हणून मॉनिटर लागतो. त्यावर गाणं जमलं तर मोबाइलवर, ऑटोत, मंडपात सगळीकडे बरं वाजण्याची शक्यता वाढते. शक्यता म्हणते, खात्री नाही.

याचं एक मजेदार उदाहरण मित्राने सांगितलं. यामाहा कंपनीने १९७८ मध्ये एनएस-१० नावाचा स्पीकर घरच्या वापरासाठी काढला, पांढऱ्या पडद्याचा. घरात तो फारसा चालला नाही. कारण त्यात गोडवा नव्हता. पण स्टुडिओवाल्यांनी तोच उचलला, कारण रेकॉर्डिंगमधली खोट तो लगेच उघडी पाडे. २००१ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं, तरी जुन्या स्टुडिओंच्या फोटोत तो पांढरा गोल अजून दिसतो. घरात नापास झालेला स्पीकर कामात पहिला आला. तेव्हा दुकानात मॉनिटर ऐकून तुमची मुलगी म्हणाली की "हा तर फिक्का वाजतो", तर घाबरू नका. तो आपलं काम करून राहिला आहे.

आठ इंच की चार इंच

आता चाळीस हजारांच्या कोटेशनकडे येऊ. त्यात आठ इंची वूफरची जोडी लिहिली होती. इंच म्हणजे खालच्या मोठ्या गोल पडद्याची रुंदी. वर जो छोटा गोल असतो त्यातून बारीक आवाज येतो, टाळेची किणकिण, शब्दातला 'स' आणि 'श'. त्याला ट्विटर म्हणतात.

गोल मोठा तितका खालचा आवाज जास्त खोल ऐकू येतो, हे खरं. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. प्रीसोनस कंपनीचा साडेतीन इंची इरिस हा मॉनिटर ८० हर्ट्झपर्यंत खाली जातो. यामाहाचा पाच इंची एचएस-५ हा ५४ पर्यंत, जेबीएलचा पाच इंची ३०५ पी त्याहूनही खाली, ४३ पर्यंत. बाईचा गाण्याचा आवाज दोनशे हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन वर जातो. पेटी, टाळ, खंजिरी यांचं मुख्य कामही वरच्या अंगाला. म्हणजे आपल्या भजनासाठी साडेतीन-चार इंची जोडीत बहुतेक सगळं सापडतं. ढोलकीच्या धुमेचं अगदी बूड तेवढं त्यात पुरतं कळत नाही, त्यासाठी हेडफोनवर तपासून घ्यायचं.

आणि मोठ्या गोलाचा तोटा ऐका. त्या मुलीची खोली दहा बाय दहाची आहे, वर टिना. एवढ्याशा खोलीत आठ इंची स्पीकर लावला की खालचा आवाज भिंतींवर आदळून फिरत राहतो. कोपऱ्यात उभं राहिलं तर धुम दुप्पट, मधोमध बसलं तर गायब. म्हणजे चाळीस हजार देऊन पुन्हा वाकडा तराजूच घरी आणला. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्या मुलामुलींनी छोट्या खोलीसाठी साडेतीन ते चार इंची जोडी घ्यावी. डीजेचं किंवा रॅपचं काम असेल, खोली मोठी असेल, आणि कामाचे पैसे यायला लागले असतील, तर पाच इंची. आठ इंचीचा विचार घरात करूच नये.

भाव मी विचारले ते असे. साडेतीन-चार इंची जोडी साधारण आठ ते तेरा हजारांत येते. यात वर सांगितलेला इरिस आहे, एडिफायरचा एमआर-४ हा चार इंची आहे, मॅकीचा सीआर-३ हा तीन इंची आहे. पाच इंची जोडी वीस हजारांपासून पस्तीसपर्यंत जाते. भाव खालीवर होतात, तेव्हा निदान दोन ठिकाणचं कोटेशन आणा, आपण शिलाई मशीनला आणतो तसंच.

इथे एक खड्डा आहे, त्यात पाय पडू देऊ नका. छोटे मॉनिटर बहुधा जोडीने विकले जातात. पाच इंची आणि त्यावरचे अनेक मॉडेल एकेक विकले जातात. वेबसाइटवर फोटो दोघांचा आणि भाव एकाचा, असं मी स्वतः पाहिलं. "हा भाव एकाचा की जोडीचा?" हे विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

दुसरं, वॅट. खोक्यावर हजार वॅट, दोन हजार वॅट असं पीएमपीओमध्ये लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या, तो दाखवायचा आकडा असतो. आरएमएस वॅट विचारा. एमआर-४ चा खरा आकडा ४२ वॅट आहे आणि छोट्या खोलीत तेवढ्यात कान भरून जातात.

तिसरं, स्पीकर 'ॲक्टिव्ह' आहे का ते विचारा. म्हणजे आवाज वाढवणारं मशीन त्याच्या पोटातच आहे. पॅसिव्ह असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागतो आणि स्वस्त वाटलेली वस्तू महाग पडते.

आधी काय, मग काय

सगळ्यात महत्त्वाचं मला शेवटी कळलं. मॉनिटर ही पहिली खरेदी नाहीच.

जात्यावरच्या ओव्या हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी बायकांच्या तोंडून, त्यांच्याच घरी रेकॉर्ड केलेल्या आहेत. २०१७ पासून पारी ही संस्था त्या इंटरनेटवर देते आहे. ऐकून पाहा. मागे कोंबडं आरवतं, कुणी बोलतं, पण बाईचा शब्द स्वच्छ ऐकू येतो. कारण तो मुळात नीट टिपला आहे. जो आवाज नीट टिपलाच नाही, तो कितीही महाग मॉनिटरवर ऐकला तरी सुधारत नाही. फक्त खराब आहे हे जास्त स्पष्ट कळतं.

आपल्या शेजारी तेलंगणात, पस्तापूरजवळ, २००८ मध्ये संगम रेडिओ सुरू झाला. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांतल्या दलित शेतकरी बायका तो चालवतात, रेकॉर्डिंगही त्याच करतात. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशीचा रेडिओ आला. तेव्हा "हे बायांचं काम नाही" असं कुणी मिटिंगमध्ये म्हणालं तर ही दोन नावं सांगा.

तर क्रम असा. आधी माइक, आणि माइक कॉम्प्युटरला जोडणारी छोटी पेटी, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माइक तीन ते सहा हजार, इंटरफेसही तीन हजारांपासून मिळतो. मग कान पूर्ण झाकणारे, वायरवाले हेडफोन, तीन ते पाच हजार. गाताना तेच लागतात, कारण स्पीकर चालू ठेवून गायलं तर त्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मोबाइलवर बँडलॅब आहे. एवढ्यावर सहा महिने काम करता येतं. मॉनिटर त्यानंतर.

मॉनिटर येईपर्यंत काय करायचं? गाणं हेडफोनवर बनवायचं आणि मग मोबाइलवर, टीव्हीवर, शेजारच्या ऑटोत, भावाच्या ब्लूटूथ डब्यावर ऐकायचं. सगळीकडे शब्द कळले तर जमलं. एखाद्या कंपनीचं चांगलं गाणं लावून लगेच आपलं लावायचं आणि फरक वहीत लिहायचा. माझ्या भावाने हे पहिल्या वर्षी केलं असतं तर उधारी वाचली असती.

घरात ठेवायचा कुठे

स्पीकर भिंतीतल्या फळीवर, कपाटावर किंवा कोपऱ्यात ठेवायची आपली सवय आहे. मॉनिटरला तिन्ही जागा वाईट. दोन स्पीकर आणि ऐकणारीचं डोकं असा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हायला पाहिजे, साधारण तीन-तीन फुटांचा. ट्विटर कानाच्या उंचीवर. खाली बसून काम करत असाल तर दोन विटांवर गोधडीची घडी ठेवून त्यावर स्पीकर ठेवा, टेबल लागत नाही. मागच्या भिंतीपासून निदान एक फूट सोडा. बऱ्याच स्पीकरला मागे भोक असतं, तिथून हवा आणि धुम बाहेर पडते. भिंतीला चिकटवला की घुमतो.

खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झिणझिण आली तर खोली बोलते आहे. टिनाच्या आणि सिमेंटच्या खोल्या फार बोलतात. त्यावर महागडा फोम लावायची गरज नाही. बाजूच्या भिंतींवर जाड गोधड्या टांगा, खाली सतरंजी टाका, मागच्या भिंतीला धानाची भरलेली पोती रचली असतील तर फारच छान. आमच्या घरी मी गाद्या उभ्या करून पाहिल्या, टाळी लगेच मुकी झाली.

विजेचं थोडं. तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन कापू नका, घराचं अर्थिंग तपासून घ्या. घुंईऽऽ असा आवाज येत राहतो तो बहुतेक अर्थिंग नाही तर वायर यांचाच. आपल्याकडे व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून स्टॅबिलायझरवर लावा. जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा.

दुकानात जाताना शंभर वेळा ऐकलेलं एक गाणं पेनड्राइव्हमध्ये न्या. दुकानदार स्वतःचं दणदणीत गाणं लावेल, त्याला म्हणा, "दादा, आमचं लावा." हळू आवाजात ऐका, शब्द कळतात का बघा. काही न वाजवता कान जवळ नेऊन सुंसुं किती येते ते पाहा. पक्कं बिल घ्या, बिलावर आणि वॉरंटी कार्डावर कर्ज घेणाऱ्या ताईचंच नाव लिहा. ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ करा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि कर्जाचं काय

पंधरा दिवसांनी मी हे सगळं मिटिंगमध्ये मांडलं. चाळीस हजार, वीस महिने, शेकडा एक रुपया व्याज उतरत्या शिल्लकीवर धरलं तर व्याजच ४,२०० रुपये होतं, आणि मुद्दलाचा हप्ता महिन्याला २,०००. बारा हजार, बारा महिने धरले तर मुद्दल महिन्याला १,००० आणि सगळं मिळून व्याज ७८०. हा फरक फळ्यावर लिहिला तेव्हा मुलगी स्वतःच म्हणाली, "मला बाराचंच द्या. माइक, इंटरफेस अन् हेडफोन घेते. मॉनिटर पुढच्या वर्षी."

कोषाध्यक्ष ताईंनी कमाईचं विचारलं. मुलीने खरं सांगितलं, तेच मला आवडलं. शेजारच्या ग्रामपंचायतीला घंटागाडीसाठी सूचनांचं रेकॉर्डिंग पाहिजे आहे, एका दुकानाला जाहिरात पाहिजे आहे, दोघांनी तोंडी हो म्हटलं आहे, लेखी नाही. दुधासारखे दर दहा दिवसांनी पैसे येणार नाहीत. हप्ता तोपर्यंत आईच्या शिलाईतून जाईल. हे सगळं ठरावात जसंच्या तसं लिहिलं गेलं. तुमच्या गटात असा अर्ज आला तर हा प्रश्न नक्की विचारा, पण हसून विचारू नका. शेळीवाल्या ताईला आपण ज्या आवाजात विचारतो त्याच आवाजात विचारा. मोठं काम उभं राहत असेल तर बँकेत मुद्रा योजनेचं शिशू कर्ज ५०,००० पर्यंत मिळतं, गटाची सगळी शिल्लक एकीकडे अडकवायची गरज नाही.

कर्ज मंजूर झालं. सामान आलं. परवा त्या खोलीत गोधड्या टांगून मंडळाच्या आठ जणींनी तुकडोजी महाराजांचं एक भजन रेकॉर्ड केलं आणि पाळीपाळीने हेडफोन लावून ऐकलं. पहिल्यांदा ऐकून सगळ्या गप्प. मग एक ताई म्हणाल्या, "मायबाई, मी तर प्रत्येक कडव्यात आधीच सुरू होते!" खंजिरी इतकी जोरात आली होती की मागच्या तिघी ऐकूच येत नव्हत्या. खंजिरीवाल्या काकू थोड्या रुसल्या. पण पुढच्या मंगळवारी पुन्हा रेकॉर्डिंग आहे आणि त्यांनी स्वतःच सांगितलं आहे की त्या दाराजवळ बसणार.

— तुमची क्षेत्र समन्वयक